भारतातील सैनिकी पेशा व नागरी समाज

सैनिकी पेशा म्हणजे राज्यसंस्थेच्या आज्ञेने आणि तिच्या वतीने शस्त्रबळ वापरण्याची जबाबदारी स्वीकारणारा व्यवसाय होय. या पेशातील व्यक्ती व उर्वरित समाज, तसेच लष्करी नेतृत्व व लोकनियुक्त सरकार यांच्यातील संबंधांना राज्यशास्त्रात ‘नागरी-लष्करी संबंध’ अशी संज्ञा आहे. या संबंधांच्या मुळाशी एक जुना पेच आहे. शत्रूपासून रक्षण करण्याइतके बळ ज्यांच्या हाती द्यायचे, त्यांच्याच बळापासून समाजाला सुरक्षित कसे ठेवायचे, हा तो पेच होय.

भारताची सशस्त्र दले सुमारे १४ लाखांची असून ती पूर्णपणे स्वेच्छाभरतीवर उभी आहेत. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने एकदाही सत्ता हाती घेतलेली नाही. त्याच ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या विभागणीतून निर्माण झालेल्या पाकिस्तानी लष्कराने मात्र १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये सत्ता ताब्यात घेतली. दोन्ही सैन्यांचे मूळ एकच असल्यामुळे, भारतातील स्थितीचे श्रेय केवळ सैनिकांच्या शिस्तीला देता येत नाही. ती कायदे, संस्था, भरतीची धोरणे आणि राजकीय संकेत यांमधून घडत गेली. सैनिकाने नागरी सत्तेची आज्ञा मानावी हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. त्याच्या मोबदल्यात सरकारने व समाजाने सैनिकाचे काय देणे लागते, हा तिचा दुसरा आणि अधिक वादग्रस्त भाग आहे.

संकल्पना

वैद्यक किंवा वकिली यांप्रमाणे सैनिकी सेवेलाही पेशा का म्हणावे, याचे विवेचन अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी ‘द सोल्जर अँड द स्टेट’ (१९५७) या ग्रंथात केले. विशेष ज्ञान, समाजाप्रती जबाबदारी आणि समव्यावसायिकांमधील एकत्वाची भावना ही त्यांनी सांगितलेली तीन लक्षणे होत. लष्कराला त्याच्या क्षेत्रात पुरेशी स्वायत्तता द्यावी, म्हणजे ते राजकारणापासून आपोआप दूर राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. मॉरिस जॅनोविट्झ यांनी ‘द प्रोफेशनल सोल्जर’ (१९६०) मध्ये याहून वेगळी भूमिका घेतली. सैन्य समाजापासून तुटू न देता त्याच्याशी सतत मिसळते ठेवणे, हीच लोकशाहीची खरी हमी होय, असे त्यांचे मत होते.

ब्रिटिश सेनानी सर जॉन हॅकेट यांनी सैनिकी सेवेचे वैशिष्ट्य ‘अमर्याद दायित्व’ या शब्दांत सांगितले. इतर नोकरीत कामाला काही मर्यादा असते. सैनिकाच्या करारात मात्र प्राण देण्याची तयारी गृहीत धरलेली असते. ज्या आज्ञेसाठी प्राण द्यायचा ती आज्ञा देणारा कोण, याचे महत्त्व त्यामुळेच वाढते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिवकाल

सैन्य आणि रयत यांच्या संबंधाचा विचार मराठी मुलखात आधुनिक काळापूर्वीही झालेला दिसतो. चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र या संदर्भात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले धान्य व वैरण आधीच उधळले, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग सैनिक कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजीपाला ओरबाडू लागतील. आणि असे झाले तर रयतेला मोगलांपेक्षाही आपले सैन्य वाईट वाटेल, असा इशारा त्यात दिला आहे. सैनिकाने रयतेला लुबाडू नये असा नुसता उपदेश करून हे पत्र थांबत नाही. त्याच्यावर लुबाडण्याची वेळ येऊ नये म्हणून रसदीचा हिशेब कसा ठेवावा, हेही ते सांगते. सैन्याचे वर्तन आणि सैन्याची व्यवस्था यांचा संबंध या पत्राने नेमका ओळखला आहे.

ईस्ट इंडिया कंपनी व ब्रिटिश राजवट

कंपनीचे सैन्य बंगाल, मद्रास व मुंबई अशा तीन इलाख्यांत विभागलेले होते. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा आरंभ १७६८ मध्ये मुंबई इलाख्यात उभारलेल्या पलटणीपासून मानला जातो. १८५७ च्या उठावानंतर निरनिराळ्या जातिधर्मांच्या तुकड्या एकमेकींना तोलून धरतील अशा रीतीने सैन्याची रचना बदलण्यात आली. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५–१८९३) ‘लढाऊ जमाती’ची कल्पना बळावली. भरतीचे केंद्र पंजाब व वायव्येकडे सरकले आणि अनेक समाजांना सैन्याची दारे बंद झाली.

महार समाजाचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. मुंबईच्या सैन्यात महारांची मोठी परंपरा होती. सैनिकी सेवेतून नियमित वेतन आणि निवृत्तिवेतन मिळे. छावणीतील शाळांमुळे सैनिकांच्या मुलांना अक्षरओळख होई. गावगाड्यात नाकारलेली प्रतिष्ठा पलटणीत काही अंशी लाभत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. बाबासाहेबांचा जन्मही १८९१ मध्ये महू येथील लष्करी छावणीत झाला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस महारांची भरती बंद झाली, तेव्हा केवळ नोकऱ्या गेल्या नाहीत, तर सामाजिक उन्नतीचा एक मार्गच खुंटला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी तयार केलेला विनंतीअर्ज आणि शिवराम जानबा कांबळे यांचा १९१० चा अर्ज यांत भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी होती. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये महारांची स्वतंत्र पलटण उभारण्यात आली, परंतु युद्धानंतर ती मोडली. अखेरीस १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. सैन्यात शिरण्याचा हक्क हा नागरी समतेच्या लढ्याचाच भाग कसा बनतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

राष्ट्रीय चळवळ आणि सैन्य

सैनिक परकीय सत्तेचा नोकर असल्यामुळे राष्ट्रीय चळवळीत त्याच्याविषयी संमिश्र भावना होती. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायर यांच्या आज्ञेवरून सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. सैन्य स्वतःच्या समाजावर वापरले जाण्याचे ते भीषण उदाहरण ठरले. उलट १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले सुरू झाले, तेव्हा देशभर त्यांच्या बाजूने लोकमत उसळले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावर खलाशांचा उठाव सुरू झाला. निकृष्ट अन्न व वांशिक अपमान ही त्याची तात्कालिक कारणे होती. मुंबईतील कामगारांनी त्यांना पाठिंबा देत हरताळ पाळला आणि त्या वेळच्या गोळीबारांत दोनशेहून अधिक नागरिक मरण पावले.

स्वतंत्र भारताची रचना

सरसेनापतिपदाचा अस्त

ब्रिटिश काळात सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा अधिकारी आणि त्याच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य असे. या पदाचे बळ किती होते, हे लॉर्ड किचनेर यांच्याशी झालेल्या वादानंतर १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांना राजीनामा द्यावा लागला यावरून दिसते. स्वातंत्र्यानंतर हे स्थान क्रमाक्रमाने बदलले. संरक्षण खाते मंत्र्याकडे आले आणि तिन्ही दलांचे प्रमुख समकक्ष ठरले. दिल्लीतील सरसेनापतींचे निवासस्थान १९४८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंचे निवासस्थान झाले. तेच पुढे तीन मूर्ती भवन म्हणून ओळखले गेले. १५ जानेवारी १९४९ रोजी के. एम. करिअप्पा हे पहिले भारतीय सरसेनापती झाले. हा दिवस ‘सेना दिवस’ म्हणून पाळला जातो. १९५५ मध्ये सरसेनापती ही पदसंज्ञाच रद्द होऊन ‘भूसेनाप्रमुख’ ही संज्ञा रूढ झाली.

भरतीचे धोरणही अंशतः बदलले. १९४९ मध्ये उभारलेल्या ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स’ या पायदळात सर्व प्रांतांतील व जातींतील जवान एकत्र घेण्यात आले. तथापि प्रदेश व जात यांवर आधारलेल्या जुन्या रेजिमेंटही टिकून राहिल्या. कोणत्याही एका प्रांताचे सैन्यावर संपूर्ण वर्चस्व राहिले नाही, हे भारतातील लष्करी सत्तांतर टळण्याचे एक कारण होय, असे स्टीव्हन विल्किन्सन यांनी ‘आर्मी अँड नेशन’ (२०१५) मध्ये दाखवून दिले आहे. फाळणीनंतर पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या सैन्यात पंजाबी सैनिकांचे प्राबल्य होते.

संविधान व कायदे

संविधानाच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियमित केला जातो. प्रत्यक्षात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला उत्तरदायी असते. अनुच्छेद ३३ अन्वये सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. सेना अधिनियम, १९५० व त्याखालील नियमांनुसार सैनिकाला राजकीय सभांत भाग घेता येत नाही, कामगार संघटना स्थापन करता येत नाही आणि परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी बोलता येत नाही. मतदानाचा हक्क मात्र त्याला आहे. म्हणजे ज्या नागरिकांचे स्वातंत्र्य तो राखतो, त्यांच्यापेक्षा त्याचे स्वतःचे स्वातंत्र्य संकुचित असते. स्वतःच्या तक्रारीसाठी त्याला जाहीर आवाज उठवता येत नसल्याने ती ऐकण्याची जबाबदारी सरकार, संसद व न्यायालये यांच्यावर येते.

कसोटीचे प्रसंग

१९५९ व १९६२

संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे भूसेनाप्रमुख जनरल के. एस. थिमय्या यांनी ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस राजीनामा दिला. नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी तो परत घेतला, पण बातमी फुटली. नागरी सत्ता सर्वोच्च असल्याची भूमिका नेहरूंनी संसदेत ठामपणे मांडली. तत्त्व अबाधित राहिले. मात्र सेनाप्रमुखाला राजीनाम्यापर्यंत नेणाऱ्या कारणांचे निराकरण झाले नाही.

याच काळात पूर्व विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे होते. मूळचे कोल्हापूर परिसरातील असलेल्या थोरातांनी ईशान्य सीमेवरील संभाव्य चिनी आक्रमणाचा आराखडा मांडून संरक्षणाची योजना सुचविली होती. १९६० मध्ये लखनौ येथे झालेल्या ‘लाल किल्ला’ या लष्करी सरावातही तिचे विवेचन झाले. मेनन यांनी हा इशारा मानला नाही. १९६२ च्या पराभवानंतर या दुर्लक्षित सल्ल्याची चर्चा झाली. नागरी वर्चस्वाचा अर्थ अंतिम निर्णय मंत्र्याचा असा आहे. व्यावसायिक सल्ला न ऐकण्याची मुभा असा तो नव्हे, हा धडा या पराभवाने दिला.

नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे त्या घटनेचे वर्णन महाराष्ट्रात रूढ झाले. चव्हाणांनी तिन्ही सेनाप्रमुखांशी नियमित बैठकांची पद्धत ठेवली आणि लष्करी नेतृत्वाचा गमावलेला विश्वास परत मिळविला. लष्करी कारवाईच्या तपशिलात शक्यतो हस्तक्षेप करू नये, हा संकेत यानंतर दृढ झाल्याचे अभ्यासक नोंदवतात.

१९८४

जून १९८४ मध्ये सरकारच्या आदेशावरून सैन्याने अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरात ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ ही कारवाई केली. तिचे पडसाद सैन्यातही उमटून काही शीख तुकड्यांत बंडाळी झाली. त्या वेळचे भूसेनाप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली. राजकीय निर्णय सरकारने घेतला, त्याची किंमत मात्र सैनिक, शीख समाज आणि सेनाप्रमुख यांना मोजावी लागली.

समाजाशी असलेले दुवे

सैनिकी गावे

महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर, अहमदनगर आणि कोकणातील अनेक गावांत पिढ्यानपिढ्या सैन्यात जाण्याची प्रथा आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने परिचित आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या तेथील ४६ सैनिकांचे स्मारक गावात आहे. या गावातून इतके जण महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके परतले नाहीत, अशा आशयाचे ब्रिटिशकालीन शिलालेख इतर गावांतही चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीवर आढळतात. कोरडवाहू शेतीतील अपुरे उत्पन्न, घराण्याची परंपरा आणि गावातील मान अशी कारणे या प्रथेमागे एकत्र नांदतात. लष्करी सेवेचा भार सर्व समाजावर सारखा पडत नाही, हेही या गावांमुळे लक्षात येते.

शिक्षणसंस्था

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांचे भावी अधिकारी एकत्र शिकतात. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. मराठी तरुण जवान म्हणून मोठ्या संख्येने जात असले, तरी अधिकारी म्हणून कमी दिसतात, ही उणीव दूर करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था स्थापन केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला. मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाली.

शाळा-महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेना (१९४८) हा समाज व सैन्य यांच्यातील सर्वांत परिचित दुवा होय. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली.

छावणी आणि शहर

ब्रिटिशांनी सैन्य शहराबाहेर स्वतंत्र छावण्यांत ठेवले. पुण्यात ‘शहर’ आणि ‘लष्कर’ किंवा ‘कॅम्प’ हा भेद लोकांच्या बोलण्यात आजही टिकून आहे. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद व कामठी ही महाराष्ट्रातील सात कटकमंडळे होत. शहरे वाढत गेली आणि छावण्या त्यांच्या मध्यभागी आल्या. रस्ते बंद करणे, बांधकामावरील निर्बंध, जमिनीची मालकी यांवरून रहिवासी व लष्करी प्रशासन यांच्यात वाद होऊ लागले. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले असून २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याचा आरंभ झाला.

नागरी प्रशासनाला साहाय्य

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप किंवा २०१९ चा सांगली-कोल्हापुरातील महापूर अशा आपत्तींत सर्वसामान्य नागरिकाला सैनिक प्रत्यक्ष भेटतो. सैन्याविषयीच्या आदराचे एक मोठे कारण या अनुभवात आहे. परंतु नागरी यंत्रणेची उणीव सैन्याने भरून काढण्याची सवय लागू नये, असाही एक मतप्रवाह आहे. २०१७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर पादचारी पुलांचे काम सैन्याला देण्यात आले, तेव्हा हा वाद जाहीरपणे झाला.

दंगल आवरण्यासाठी सैन्य बोलावल्यास दंडाधिकाऱ्याची मागणी आवश्यक असते आणि कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन असते. सशस्त्र दले (विशेषाधिकार) अधिनियम, १९५८ लागू असलेल्या ‘अशांत’ क्षेत्रांत मात्र सैन्याला अधिक व्यापक अधिकार आणि खटल्यांपासून संरक्षण मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये काही बंधने घालून हा कायदा वैध ठरविला. न्या. जीवन रेड्डी समितीने २००५ मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली. घुसखोरी व सशस्त्र बंडखोरीशी लढताना हे संरक्षण अपरिहार्य असल्याचे समर्थक सांगतात. मणिपूर व नागालँडमधील नागरी संघटनांच्या मते मात्र त्यामुळे निरपराधांच्या मृत्यूला न्याय मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडमधील ओटिंग येथे खाणकामगार ओळखीच्या चुकीने मारले गेल्यावर ही मागणी पुन्हा तीव्र झाली.

माजी सैनिक

बहुसंख्य जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात. मुलांचे शिक्षण अपुरे आणि घर बांधायचे बाकी, अशा वयात त्यांना दुसरी नोकरी शोधावी लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, केंद्रीय नोकऱ्यांतील राखीव जागा आणि २००३ पासूनची माजी सैनिक आरोग्य योजना ही त्यांच्यासाठीची प्रमुख साधने होत. ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून निधिसंकलनासाठी पाळला जातो. एकाच हुद्द्यावरून तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांना, निवृत्तीचे वर्ष कोणतेही असो, समान निवृत्तिवेतन मिळावे, या मागणीसाठी माजी सैनिकांनी २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घ आंदोलन केले. सेवेत असताना गप्प राहण्याची शिस्त पाळलेल्यांचे ते आंदोलन असल्याने त्याने देशाचे लक्ष वेधले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने ‘एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन’ योजना जाहीर केली.

जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली. तीनुसार जवान चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम केले जातात. उर्वरितांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. सैन्य तरुण राहील व शिस्तबद्ध तरुण समाजात परततील, असे समर्थक म्हणतात. अल्पसेवेमुळे पलटणीचे बंध सैल होतील आणि पुनर्वसनाचा प्रश्न बिकट होईल, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

टीका व समकालीन प्रश्न

भारतात लोकप्रतिनिधींच्या नियंत्रणाऐवजी सनदी अधिकाऱ्यांचे नियंत्रण रूढ झाले, अशी लष्करी वर्तुळातील जुनी तक्रार आहे. राजकीय नेते, सनदी अधिकारी आणि सेनानी यांच्यात पुरेसा संवाद नसल्यामुळे लष्करी परिणामकारकता घटते, असे अनित मुखर्जी यांनी ‘द ॲब्सेंट डायलॉग’ (२०१९) या ग्रंथात मांडले आहे. कारगिल युद्धानंतरच्या आढाव्यात उच्च संरक्षण व्यवस्थेतील त्रुटी पुढे आल्या. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षणदलप्रमुख झाले आणि संरक्षण मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग निर्माण झाला.

दुसरा प्रश्न सैन्याच्या राजकीय वापराचा आहे. प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये राजकीय पक्षांना दिली आणि २०१९ मध्ये तिची आठवण करून दिली. निवृत्त अधिकाऱ्यांनी निवडणूक लढविण्यास कायद्याची आडकाठी नाही. स्वतः करिअप्पा यांनी १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढविली व त्यात ते पराभूत झाले. मात्र सेवेतील सैन्याचे यश एखाद्या पक्षाच्या खात्यावर मांडले गेल्यास, सैन्य सर्वांचे आहे या समजुतीला तडा जातो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

तिसरा प्रश्न आदराच्या स्वरूपाचा आहे. सैन्याविषयीचा जिव्हाळा युद्धकाळात उसळतो आणि शांततेत ओसरतो. सैन्याचा गौरव होत असताना त्याच्या चुकांविषयी प्रश्न विचारणे म्हणजे अनादर, असाही समज बळावतो. लोकशाहीत मात्र संरक्षणखर्चाची तपासणी, न्यायालयीन छाननी आणि संसदेतील चर्चा ही नागरी नियंत्रणाचीच अंगे मानली जातात. सैनिकाचे दायित्व अमर्याद असल्याने त्याला दिलेली आज्ञा विचारपूर्वक व कायदेशीर असावी, आणि सेवेनंतर त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला हक्कासाठी खेटे घालावे लागू नयेत, ही या संबंधातील नागरी समाजाची बाजू होय.